पेलेट भट्टीच्या पाइपातलं पाणी येतं कुठून?

भट्टीला बाहेरची हवा आणून देणारा पाइप भिंतीतून आत येतो, तिथं तो ओला दिसायला लागतो. एल्बोखाली, म्हणजे पाइपाच्या वळणाखाली, थेंब जमतात, काही महिन्यांत पत्र्यावर तांबूस डाग पडतात, ब्लोअरच्या तोंडाशी गंजाचे पापुद्रे सुटतात. मिस्त्रीला बोलावलं की तो पाइपाकडे एकदा बघतो आणि सांगून टाकतो, "मालक, पावसाळी हवा हाय, हवेसंगट पाणी आत येतंय." ऐकायला पटतं. मग टोपी बदलली जाते, पाइप बदलला जातो, एखादा तर ब्लोअरच बदलून बसतो, आणि पुढच्या आठवड्यात थेंब परत हजर.

बहुतेक ठिकाणी हे पाणी बाहेरून आलेलंच नसतं. ते खोलीतलं असतं. पाइपाने फक्त त्याला बसायला थंड जागा दिलेली असते.

हे कसं, ते बघण्याआधी भट्टीची थोडी ओळख. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाचं पाचट, तुराट्या, भुईमुगाची टरफलं असं काहीबाही दळून, जोरात दाबून केलेल्या कांड्या. जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर, ओल दहा टक्क्यांच्या आत. डिंक वगैरे घालावा लागत नाही. दाबामुळे तापलेलं लाकडातलं लिग्निनच त्यांना धरून ठेवतं. सोलापूर जिल्ह्यात ऊस आणि तूर दोन्ही भरपूर, त्यामुळे कच्च्या मालाची इथं ददात नाही. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात पेलेट मिसळावेत, असं केंद्राचं धोरण २०२१ मध्ये आल्यापासून हा शब्द गावोगावच्या शेतकऱ्यांच्याही कानावर गेला आहे. घर उबदार ठेवणारी पेलेटची शेगडी मात्र मूळची थंड मुलखातली. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात ती घरांत शिरली. आपल्याकडे तिची भावंडं हॉटेलच्या भटारखान्यात, मेसमध्ये, छोट्या बॉयलरखाली बसतात. बांधणी मात्र तीच: वर हॉपर, म्हणजे पेलेट ओतायची पेटी, त्यातून स्क्रू फिरत पेलेट पुढे ढकलतो, ते लोखंडी भांड्यात जळतात, ब्लोअर हवा देतो, धूर चिमणीतून वर.

या ब्लोअरला हवा किती लागते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक किलो पेलेट पुरतं जळायला निदान पाच-साडेपाच किलो हवा लागते. प्रत्यक्षात भट्टी त्याच्या दीडपट-दुप्पट ओढते, कारण काटेकोर मापात हवा दिली तर धूर होतो. म्हणजे किलोमागे आठ-नऊ घनमीटर हवा. तासाला पाच किलो पेलेट खाणारी भट्टी तासाभरात एका मध्यम खोलीएवढी हवा गिळते.

थंड देशात घरं घट्ट बंद असतात. भट्टीने खोलीतली हवा ओढली की तेवढीच गार हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे उबेसाठी पेलेट जाळायचे आणि त्याच भट्टीने थंडी आत खेचायची. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला की खोलीतला दाब आणखी उतरतो आणि चिमणीतला धूर उलटा खोलीत यायची भीती. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. यावर उपाय म्हणून भट्टीला थेट बाहेरून हवा देणारा वेगळा पाइप आला. अमेरिकेत कारखान्यात बनवून गाडीवरून आणतात त्या घरांमध्ये तर लाकूड-पेलेटच्या शेगडीला असा पाइप सक्तीचाच आहे.

सोलापुरात याची गरज कुणाला? खरं सांगायचं तर फार थोड्यांना. जाळीची खिडकी, वर झरोका, कायम उघडं असलेलं मागचं दार, अशा भटारखान्यात भट्टीला हवा कमी पडत नाही. तिथं पाइप बसवणं म्हणजे पैसे देऊन दुखणं विकत घेणं. पण पुढच्या हॉलमध्ये एसी आहे म्हणून मधली दारं बंद, धूळ नको म्हणून खिडकीला काच, आणि छताखाली गरगरणारा मोठा एक्झॉस्ट, अशी जागा असेल तर पाइप हवाच. टॉवेल-चादरीच्या रंगखात्यात वाफाळलेल्या बंद खोलीत भट्टी असेल तर तिथंही. आणि नेमक्या याच जागांमध्ये पाइपाला घाम सुटतो. हा योगायोग नाही.

दवबिंदू म्हणजे काय

हवेत पाण्याची वाफ मावते, पण किती मावेल हे तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांवर १७ ग्रॅम. १० अंशांवर साडेनऊच्या आत, शून्यावर पाचच्या आत, आणि उणे १० अंशांवर जेमतेम अडीच ग्रॅम. गरम ओलसर हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला ती भरून जाते आणि त्याखाली जास्तीची वाफ पाणी होऊन जवळच्या थंड वस्तूवर बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. रसवंतीत बर्फ घातलेल्या उसाच्या रसाचा ग्लास बाहेरून ओला होतो, तेव्हा ग्लास गळतोय असं आपण म्हणत नाही. पाइपाच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हणतो.

आधी थंड देशातला हिशोब करू, कारण तिथं तो अगदी उघडा दिसतो. बाहेर उणे १० अंश, घरात २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के. घरातल्या हवेचा दवबिंदू येतो साधारण ९ अंशांवर. पाइपातून उणे १० ची हवा वाहते आहे, त्यामुळे पाइपाचा पत्रा ९ अंशांच्या पुष्कळ खाली. झालं, घरातली वाफ पत्र्यावर बसायला लागली. कधी कधी तर तिथं हिमाचा पांढरा थर धरतो आणि भट्टी बंद झाल्यावर तो वितळून जमिनीवर डबकं होतं. आता पाइपाच्या आतल्या हवेकडे बघा: तिच्यात घनमीटरला अडीच ग्रॅमसुद्धा पाणी नाही, घरातल्या हवेत साडेआठ. पाणी कुणी आणलं हे निराळं सांगायला नको.

सोलापुरात बाहेर बर्फ पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की हा प्रकार इथं होणार नाही. पण दवबिंदूला बर्फाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त फरक लागतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली जानेवारीची पहाट घ्या. बाहेर १५-१६ अंश. भटारखान्यात भाताची पातेली उकळताहेत, आत ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के. या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास. पाइपाचा पातळ पत्रा १८-१९ अंशांवर असला तरी तो घामाघूम होणार. पावसाळ्यात बाहेर २३, आत ३२ आणि आर्द्रता ८० टक्के असं धरलं तर दवबिंदू चढतो २८ वर. बाहेरची हवा २३ ची, म्हणजे पाइप पुन्हा दवबिंदूच्या खाली. रंगखात्यात, जिथं उकळत्या रंगाच्या टाक्यांवरून वाफ उठत असते, तिथं तर विचारूच नका.

आणि मे महिन्यात? बाहेर ४१-४२ अंश, पाइपातून तापलेली हवा वाहते, पाइप खोलीपेक्षाही गरम. एक थेंब येत नाही. म्हणूनच उन्हाळ्यात बसवलेला पाइप पहिले काही आठवडे कोरडा ठणठणीत असतो, काम उत्तम झालं असं वाटतं, आणि मृगाचा पाऊस पडला की तक्रारी सुरू होतात. पावसाचा आणि थेंबांचा काळ एकच असल्यामुळे दोष पावसावर जातो.

"हवेसंगट पाणी येतं" यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पावसाळी हवेत घनमीटरला अठरा-वीस ग्रॅम वाफ असतेच आणि ती भट्टीत जाते. पण ती वाफ आहे, वाफ म्हणून आत जाते आणि वाफ म्हणूनच चिमणीतून निघते. तिला तापवायला किलोभर पेलेटमागे फार तर दहा-पंधरा किलोकॅलरी खर्च होतात, आणि पेलेटमधून मिळतात चार हजारांच्या जवळपास. अर्ध्या टक्क्याच्याही आतला हा हिशोब. दमट हवेने आग मंदावते असं सांगणाऱ्याने खरं तर मे महिन्याबद्दल तक्रार करायला हवी, कारण ४० अंशांची हवा पातळ असते आणि तेवढ्याच आकारमानात तिच्यातून प्राणवायू कमी मिळतो. पावसाळ्यात आग रडते ती बहुधा पेलेटच ओले झाल्यामुळे.

तपकिरी पाणी आलं तर

आतापर्यंत बोललो ते पाइपाच्या बाहेरच्या अंगावरचं पाणी. ते स्वच्छ असतं, बिनवासाचं. पण कधी कधी पाइपाच्या आतून, सांध्यातून तपकिरी, चिकट, धुराचा वास असलेलं पाणी ठिबकतं. ही निराळी गोष्ट आहे आणि इथं हयगय चालत नाही.

पेलेट कितीही कोरडे असले तरी ते जळताना पाणी तयार होतं. लाकडात वजनाच्या सुमारे सहा टक्के हायड्रोजन असतो. जळताना त्याचं प्राणवायूशी मिळून पाणी होतं, एका वजनाला नऊ वजन. म्हणजे एक किलो पेलेटमधून अर्धा लिटर पाणी, वर पेलेटमधली मूळची ओल निराळी. सगळं वाफ होऊन चिमणीवाटे जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही. ते दिसायला लागलं तर समजायचं की धुराने वाट बदलली.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे लाइट जाणं. भट्टी भरात असताना वीज गेली की ब्लोअर थांबतो, पण भांड्यातले पेलेट जळतच राहतात. चिमणी पुरेशी उंच नसेल, किंवा राखेने अर्धी तुंबलेली असेल, किंवा एक्झॉस्ट पंखा इन्व्हर्टरवर असल्याने चालूच राहिला असेल, तर धूर सोपी वाट धरून हवेच्या पाइपात उलटा शिरतो. तो पाइप थंड. धुरातली वाफ आणि डांबर तिथंच थिजतं. असा प्रकार दोनदा दिसला तर पाइपाशी खेळत बसू नका. आधी चिमणी साफ करून तिची उंची आणि ओढ तपासून घ्या. वीज गेली की एक्झॉस्टही बंद झाला पाहिजे, किंवा मग ब्लोअरही इन्व्हर्टरवर हवा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं ही चैन नाही. भट्टीपाशी उभ्या माणसांची डोकी दुखायला लागली, मळमळायला लागलं, तर "उष्णतेने होतंय" असं म्हणून लिंबू सरबत देऊ नका, त्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

भट्टी थंड असतानाही पाइपाच्या आत थोडं पाणी जमू शकतं. रात्री ब्लोअर बंद, पाइप बाहेरच्या हवेला उघडा, दुसऱ्या टोकाला भट्टीचं भांडं खोलीला उघडं. खोलीतली ओलसर हवा त्या भांड्यातून, फटींमधून पाइपात सरकते आणि थंड पत्र्यावर आतून दव धरतं. हे पाणी स्वच्छ असतं पण वाहत जाऊन राखेत पडतं, आणि राख हा फार खोडसाळ पदार्थ. शेतमालाच्या पेलेटच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, क्लोराइडही असतात. कोरड्या राखेने लोखंडाचं फारसं बिघडत नाही. ओली झाली की ती खारट गिलावा होऊन पत्र्याला चिकटते आणि तिथून गंज आत खात जातो. भट्टी वरून छान दिसत असताना भांड्याखालचा पत्रा बोटाने भोसकता येतो, तो याच कारणाने.

उरलं खरंखुरं पावसाचं पाणी. सोलापुरात पाऊस तसा कमी, पण सप्टेंबरात येतो तेव्हा विजा-वाऱ्यासह आडवा येतो, आणि वळवाच्या पावसाची दिशा तर कुणी सांगावी. पाइपाचं तोंड सरळ बाहेर बघत असेल किंवा पत्र्याच्या पन्हाळीखाली, गच्चीला टेकून असेल, तर पाणी उडून आत येणारच. तोंड खाली वळवा, वर टोपी घाला, जमिनीपासून निदान दोन फूट उंच ठेवा. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

कोणतं पाणी, हे ओळखायची सोपी परीक्षा

पाइप फडक्याने कोरडा पुसा. जिथं थेंब दिसतात तिथं पॉलिथिनची एक पट्टी घट्ट गुंडाळून दोन्ही कडा चिकटपट्टीने बंद करा. भट्टी नेहमीसारखी चालू द्या आणि तासा-दोन तासांनी बघा. पॉलिथिनच्या वरून पाणी जमलं असेल तर ते खोलीतल्या हवेचं. वरून कोरडं आणि पट्टीखाली ओल असेल तर सांधा गळतोय, आतलं पाणी बाहेर येतंय. मात्र भट्टीजवळच्या गरम भागावर ही पट्टी लावू नका. परीक्षा पहाटे किंवा पावसाळी दिवशीच करायची. मे महिन्यातल्या दुपारी केली तर सगळंच पास होईल.

खोलीतलं पाणी आहे असं ठरलं की पहिला विचार पाइपाचा करू नये. खोलीत एवढी वाफ का साठते आहे? उकळत्या पातेल्यांवर हूड आहे का, टाक्यांना झाकण आहे का, एक्झॉस्टची जाळी तेलाने बुजली आहे का? वाफ जिथं उठते तिथूनच बाहेर काढली तर दवबिंदू चार-पाच अंशांनी सहज उतरतो आणि बरेचदा तेवढ्यावर काम भागतं. शिवाय कामगारांचा जीवही थोडा कमी घुसमटतो.

त्यानंतर पाइपाची लांबी. भिंतीपासून भट्टीपर्यंत पाच मीटर पाइप छताखालून फिरवून आणलेला मी बघितला आहे, का तर दिसायला बरं दिसतं म्हणून. छताखालीच सगळ्यात गरम आणि ओली हवा साठलेली असते. पाइप जितका आखूड आणि सरळ, तितका घाम कमी. नळीदार फ्लेक्सिबल पाइप वापरला की त्याला मधे झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. साधा जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा, गोल पाइप घ्यावा, बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, मीटरला दोन सेंटिमीटर पुरे. म्हणजे आत जे काही जमेल ते भट्टीकडे न येता बाहेर गळून जाईल. वळण घेणं भाग असेल तर सगळ्यात खालच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून तिच्या खालच्या तोंडाला बूच लावा, आठवड्याला उघडून बघा. पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडतो आणि गंजतही नाही, पण भट्टीच्या हवेसाठी तो नको म्हणजे नको. वीज गेल्यावर उलटा येणारा धूर तापलेला असतो.

पाइपाला आवरण घालायचं तर कसलं, यात बरीच गफलत होते. गोणपाट, जुनी चादर (सोलापुरात तिला तोटा नाही), कापूस असलं काही गुंडाळलं की थेंब दिसायचे थांबतात, मालक खूश. आत काय चाललंय ते दिसत नाही एवढंच. ओलसर हवा कापडातून आरपार जाऊन पत्र्याला भिडते, पाणी तिथंच बनतं आणि आता ते सुकतही नाही. उघड्या पाइपापेक्षा गुंडाळलेला लवकर सडतो. आवरण असं हवं की त्यातून वाफ जाणार नाही. एसीवाले तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा नायट्रिल रबरचा फोम यासाठी चांगला, कारण त्याचे बुडबुडे बंद असतात. सांधे गोंदाने जोडून वरून टेप मारायची. एक फट राहिली तर तिथून वाफ शिरते आणि फोमखाली पाणी फिरतं. भट्टीपासून पहिला एक-दीड हात मात्र फोम चालत नाही, तो तापून खराब होईल. तिथं ग्लासवूल किंवा सिरॅमिक वूल आणि वर अॅल्युमिनियमची फॉइल.

युरोपात दुहेरी पाइपाची पद्धत आहे: आतल्या नळीतून धूर बाहेर जातो, बाहेरच्या नळीतून हवा आत येते, त्यामुळे हवा वाटेतच कोमट होते आणि घाम फारसा सुटत नाही. युक्ती झकास आहे, पण भट्टी त्यासाठी बनवलेली हवी. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून तसं काही बनवून घेऊ नका. आतली नळी एका ठिकाणी भोकली तर भट्टीला हवेऐवजी धूर मिळेल.

रात्रीच्या दवासाठी पाइपात डॅम्पर बसवतात, म्हणजे बंद करायची पाकळी. ती भट्टी पूर्ण थंड झाल्यावरच बंद करायची. हाताने फिरवायची असेल तर सकाळी उघडायला विसरायचा धोका आहेच, म्हणून मी तरी भट्टीच्या स्विचवरच लाल फडकं बांधून ठेवायला सांगतो. ब्लोअर सुरू झाल्यावर आपोआप उघडणारी पाकळी मिळते, ती जास्त बरी.

यंत्रमागांच्या वस्तीत आणखी एक भानगड असते. पाइपाच्या तोंडाला किडे, उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी लावतात. बाहेर कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते जाळीवर बसतात, पावसाळ्यात ओले होऊन त्यांचा लगदा होतो आणि हवा बंद. मग भट्टी धूर करते, भांड्यात खंगर, म्हणजे राखेचे घट्ट खडे, धरतात, आणि मालक पेलेटवाल्याशी भांडतो. जाळी फार बारीक घेऊ नये. पाव इंचाची पुरते. पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुतली तर उन्हात वाळवूनच परत लावायची.

पेलेटची पोती भिंतीला टेकून, फरशीवर ठेवली असतील तर वरचं सगळं करूनही भट्टी रुसेल. ओल लागली की पेलेट फुगतात, त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि हॉपरच्या तळाशी स्क्रू अडकतो. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पाइपाच्या थेंबांच्या वाटेत तर अजिबात नको. रोज लागतील तेवढेच हॉपरमध्ये ओता. चार दिवस हॉटेल बंद राहणार असेल तर हॉपर रिकामा करा, भांड्यातली राख खरवडून काढा, आणि भट्टी गार झाली की पाइपाची पाकळी बंद करून मगच कुलूप लावा.